ढोलीतल्या भुंगेऱ्याला नाव द्यायचं कशासाठी?

विदर्भात मृगाचे दोन-चार दमदार पाऊस झाले की जुन्या झाडांच्या ढोलींत पाणी साठायला लागतं. कुठे मोडलेल्या फांदीच्या जागी खोड कुजून खोल खड्डा पडलेला असतो, तर कुठे दोन फांद्यांच्या बेचक्यात सालीचंच वाडगं तयार झालेलं असतं. त्यात लोटाभर, फार तर बादलीभर पाणी मावतं. पानं कुजून त्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग चढतो. तळाशी गाळ, लाकडाचा भुगा, पाखरांची विष्ठा, एखादं पीस. नागपुरात सेमिनरी हिल्स, महाराजबाग, सिव्हिल लाइन्स अशा भागांत आंबा, चिंच, कडुनिंबाची जी वयस्क झाडं उरली आहेत, त्यांच्याकडे नीट पाहिलं तर अशा जागा सापडतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या दिसत नाहीत, आणि ज्यांना दिसतात त्यांना तो झाडाचा दोष वाटतो: झाड पोकळ झालं, आता काढायला हवं. मला इथे याच्या उलट मांडायचं आहे. पाणी धरणारी ढोली झाडाच्या म्हातारपणाची खूण असेलही, पण ती भरलेली वस्ती असते. तिथे वाढणाऱ्या काही जीवांना दुसरीकडे कुठे वाढता येत नाही, आणि ही गोष्ट कागदावर पक्की करायची तर त्या जीवांचं शास्त्रशुद्ध वर्णन करून त्यांना नाव देण्याचं किचकट, वेळखाऊ काम करण्यावाचून गत्यंतर नाही. उदाहरणासाठी मी मुद्दाम असा कीटक घेतला आहे, की जो ना देखणा आहे, ना उपयोगी म्हणून ओळखला जातो, ना पिकाचा शत्रू म्हणून.

या कीटकांच्या कुळाचं शास्त्रीय नाव स्किर्टिडी. इंग्रजीत त्यांना मार्श बीटल म्हणतात, आपण दलदली भुंगेरे म्हणू. जगभरात त्यांच्या दीड हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. प्रौढ भुंगेरा बहुधा दोन ते सहा मिलिमीटर लांबीचा, तपकिरी, मऊ अंगाचा आणि बारीक लव असलेला. तो पाण्यात राहत नाही. पाण्याच्या आसपासच्या झाडोऱ्यावर त्याचं थोडक्या काळाचं आयुष्य सरतं. खरं जगणं अळीचं. ढोलीतलं पाणी पांढऱ्या बशीत ओतलं तर आधी नुसता गाळ दिसतो. थोडं थांबलं की त्या गाळातलाच एक चपटा तपकिरी कण चालायला लागतो. भिंगाखाली त्याला तीन जोड्या पाय दिसतात आणि डोक्यावर दोन लांब, धाग्यासारख्या शृंगिका. इतर बहुतेक भुंगेऱ्यांच्या अळ्यांना तीन-चार पेरांच्या आखूड शृंगिका असतात. या अळीच्या शृंगिकेला मात्र कितीतरी बारीक पेरं असतात आणि कात टाकत जाते तशी ती वाढत जातात. तोंडाच्या अवयवांवर केसांच्या दाट रांगा असतात. कुजणाऱ्या पानांवरचा बुरशी-जिवाणूंचा थर आणि सुटलेले कण त्या रांगांनी खरवडून, गोळा करून ती खाते. श्वासासाठी तिला हवाच लागते. पोटाच्या टोकाशी असलेली श्वसनछिद्रं ती पाण्याच्या पृष्ठभागाला लावते, आणि कधी कधी त्या पृष्ठभागाला खालून धरून चक्क उलटी चालते. पूर्ण वाढ झाली की ती ओलसर जागी कोषात जाते आणि त्यातून तो साधासुधा तपकिरी भुंगेरा बाहेर येतो.

या कुळातले सगळेच भुंगेरे ढोलीत वाढतात असं नाही. काही तळ्यांत, काही ओल्या शेवाळात, काही बांबूच्या पोकळ खुंटांत वाढतात. पण प्रिओनोसिफॉन या प्रजातीचे भुंगेरे झाडांच्या ढोलींसाठीच ओळखले जातात. युरोपातली प्रिओनोसिफॉन सेरिकॉर्निस ही जात १८२१ मध्ये वर्णन केली गेली, आणि पुढे ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात रॉजर किचिंग यांनी ढोलींचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात तिची अळी ठळकपणे पुढे आली. किचिंग यांनी ढोलींचे दोन प्रकार वेगळे केले: सालीचं अस्तर शाबूत असलेले उथळ खळगे आणि लाकूड कुजून आत गेलेल्या खोल ढोली. पुढे ऑस्ट्रेलियातही त्यांनी हेच काम केलं आणि २००० मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्यांचं या लहानशा पाणवठ्यांमधल्या अन्नजाळ्यांवरचं पुस्तक काढलं. त्यांच्या कामातून एक गोष्ट ठामपणे पुढे येते, की ढोलीतले जीव वाट चुकून आलेले पाहुणे नसतात. वरून पडणारं पान हे या वस्तीचं मुख्य भांडवल, आणि त्या भांडवलावर भुंगेऱ्यांच्या, डासांच्या, माश्यांच्या अळ्या आणि त्यांना खाणारे शिकारी यांची ठरलेली साखळी उभी असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ऑक्सफर्ड आणि ऑस्ट्रेलियामध्ये असेल हे सगळं. नागपूरसारख्या पावणेदोनशे वर्षं सरकारी नजरेखाली असलेल्या मुलखात, शहराच्या हद्दीत आणि पेंचसारख्या माणसांनी तुडवलेल्या जंगलात आता नवीन काय निघणार? या आक्षेपाला पक्ष्यांच्या जगातून फार बोलकं उत्तर मिळतं. १८७२ च्या अखेरीस ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या, म्हणजे नागपूरहून कारभार चालणाऱ्या मुलखातल्या फुलझर भागात एक लहान घुबड मिळवलं. पुढच्याच वर्षी पक्षी-अभ्यासक ह्यूमने त्याला नाव दिलं. तो आपला रानपिंगळा. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना मिळाला आणि मग तो नाहीसाच झाला. मधल्या काळात पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे कर्नल माइनर्टझागन यांनी १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाला म्हणून एक नमुना नोंदवला होता. शोधणारे त्या लेबलावर विश्वास ठेवून चुकीच्या जागी फिरत राहिले. तो नमुना मुळात संग्रहालयातून चोरून नवं लेबल लावलेला जुना पक्षी होता, हे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी नंतर पुराव्यानिशी दाखवून दिलं. खोटं लेबल बाजूला ठेवून शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! आता मेळघाटातही तो आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि तोही घरटं करतो ते झाडाच्या ढोलीतच. दिवसाढवळ्या फांदीवर बसणारा, आवाज देणारा पक्षी एवढा काळ हुलकावणी देऊ शकतो, तर चार मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा आपल्या नजरेतून सुटला नसेल असं कोणत्या आधारावर म्हणायचं?

शिवाय पाण्याने भरलेल्या ढोलींनी भारतात खरोखरच मोठी नवलं दिली आहेत. केरळातल्या पश्चिम घाटात झाडांच्या पाणीभरल्या ढोलीत राहणारा एक खेकडा २०१७ मध्ये शास्त्राला कळला, आणि तो इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवी प्रजातीच स्थापन करावी लागली. कानी मरंजंडू या त्याच्या नावातला पहिला शब्द तिथल्या कानी आदिवासींवरून आलेला आहे, कारण त्यांना तो खेकडा आधीपासून माहीत होता. ईशान्य भारतात ढोलीत अंडी घालणारा आणि जवळजवळ दीड शतक विस्मरणात गेलेला एक बेडूक २०१६ मध्ये एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या प्रजातीत आणून ठेवला. त्याच्या पिल्लांना आई स्वतःची अफलित अंडी खायला घालते. आणि भुंगेऱ्यांपुरतं, महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर २०१८ मध्ये सायली शेठ, हेमंत घाटे आणि प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे यिर्झी हायेक यांनी कोपेलाटस या पाणभुंगेऱ्यांचा महाराष्ट्रापुरता आढावा घेतला आणि त्यात एकदम तीन नव्या जाती वर्णन केल्या. त्यातल्या एकीचं नाव डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनची. कुणीतरी बसून नीट पाहिलं की जाती निघतात. न पाहता 'इथे काही नाही' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण पाहायचं म्हणजे काय करायचं? वर्तमानपत्रातली 'नवी जात सापडली' ही बातमी वाचून वाटतं, की कुणीतरी जंगलात गेलं आणि नवा किडा हाती लागला. प्रत्यक्षात जंगलातलं काम सगळ्यात छोटं. ढोलीतलं पाणी रबरी फुग्याच्या नळीने ओढून घ्यायचं, गाळ चाळायचा, अळ्या त्याच पाण्या-पानांसकट डब्यात आणायच्या आणि त्यांचा भुंगेरा होईपर्यंत सांभाळायच्या. कारण या कुळात नाव ठरतं ते मुख्यतः प्रौढ भुंगेऱ्यावर, तर ढोलीशी त्याचं नातं सिद्ध होतं अळीवर. दोन्ही एकाच जिवाची रूपं आहेत हे दाखवता आलं पाहिजे. मग खरी कसोटी सुरू होते. शेजारी ठेवलेले दोन तपकिरी भुंगेरे तज्ज्ञालाही बाहेरून एकसारखे वाटू शकतात. त्यामुळे नर भुंगेरा गरम पाण्यात मऊ करून त्याचा पोटाचा भाग अलग करतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून त्यातलं मांस विरघळवतात आणि उरलेले कठीण जननअवयव ग्लिसरिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रेखाटतात. हा अवयव मिलिमीटरच्या अंशाएवढा. त्याच्या टोकांचा बाक, काट्यांची जागा, दोन भागांचं प्रमाण यांत जातीजातींत स्थिर फरक असतो. एका नमुन्यावर भागत नाही. फरक त्या एका प्राण्याचा आहे की सगळ्या जातीचा, हे कळायला अनेक नर-माद्या मोजाव्या लागतात.

यानंतरचा टप्पा सगळ्यात जिकिरीचा. आपल्या हातातल्या भुंगेऱ्याला आधीच कुणी नाव दिलेलं नाही ना? प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब लिनेयसच्या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून सुरू होतो आणि आधी दिलेलं नाव ग्राह्य धरलं जातं. फ्रान्सच्या मोरिस पिक या गृहस्थांनी (१८६६–१९५७) जगभरातल्या भुंगेऱ्यांना हजारो नावं दिली. त्यांची कितीतरी वर्णनं जेमतेम चार-सहा ओळींची आहेत. चार ओळींत 'तपकिरी, लव असलेला' एवढंच कळत असेल तर उरतो तो मूळ नमुना, ज्यावर ते नाव टांगलेलं आहे. पिक यांचा संग्रह पॅरिसच्या संग्रहालयात आहे, इंग्रज अमदानीतले कितीतरी नमुने लंडनला. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ही ग्रंथमाला १८८८ पासून निघू लागली. तिच्यात लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांना, शेणकिड्यांच्या कुळाला, सोंडकिड्यांना स्वतंत्र खंड मिळाले, दलदली भुंगेऱ्यांना मिळाला नाही. म्हणजे नागपुरात बसून या कुळावर काम करायचं तर परदेशी कपाटांशी पत्रव्यवहार, छायाचित्रं, उसने नमुने यांतून वाट काढावी लागते. इतकं करून खात्री झाली की एक नमुना 'होलोटाइप' म्हणून निश्चित होतो, वर्णन तज्ज्ञांकडून तपासलं जातं, छापलं जातं, आणि तेव्हा कुठे ते नाव अस्तित्वात येतं. होलोटाइपच्या टाचणीवरचं बोटभर लेबल, म्हणजे गाव, झाड, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, हे त्या जातीचं कायमचं जन्मस्थान ठरतं. रानपिंगळ्याच्या बाबतीत एका खोट्या लेबलाने काय घोळ घातला ते वर आलंच आहे. म्हणून 'आंब्याची ढोली, जमिनीपासून अमुक मीटर' एवढी साधी नोंदसुद्धा मला या कामातली फार मोलाची गोष्ट वाटते. त्या नोंदीमुळे जात आणि जुनं झाड यांची गाठ दप्तरात पक्की बसते.

इथे आजच्या काळाचा आक्षेप येतो: डीएनए तपासा आणि मोकळे व्हा, जननअवयवांची चित्रं काढत कशाला बसायचं? आक्षेप वजनदार आहे. २००३ पासून प्राण्यांच्या एका ठरावीक जनुकाच्या साडेसहाशेच्या आसपास अक्षरांवरून जात ओळखण्याची 'बारकोड' पद्धत रुजली आहे आणि ढोलीसारख्या जागी तिचा मोठा फायदा आहे. अळी आणि भुंगेरा यांची गाठ अळी न वाढवता घालता येते, कधीकाळी नुसत्या पाण्यातून कोण राहतं याचा अंदाज बांधता येईल. पण बारकोड तुलना कशाशी करणार? ज्या कुळाच्या भारतीय जातींचे खात्रीने ओळखलेले नमुनेच थोडे, तिथे यंत्र फक्त 'हे त्याच्यापेक्षा वेगळं' एवढंच सांगतं. शंभर वर्षांपूर्वी टाचलेल्या मूळ नमुन्यातून अखंड डीएनए मिळेलच असंही नाही. शेवटी नाव टांगायला खिळा लागतो आणि तो खिळा म्हणजे नीट पाहिलेला, नीट वर्णन केलेला नमुना. दोन्ही पद्धती एकमेकींना पुरवठा करतात. एकीच्या उत्साहात दुसरी बंद पाडली तर पहिलीही आंधळी होते. आपल्या विद्यापीठांतून वर्गीकरणशास्त्र शिकवणारी माणसं कमी होत चालली आहेत, याची मला म्हणूनच काळजी वाटते.

दुसरा आक्षेप थेट नागपूरकराच्या जिव्हाळ्याचा: ढोलीतल्या पाण्यात डास होतात. होतात, यात शंका नाही. एडिस अल्बोपिक्टस हा डास ढोलींत वाढतो, आणि ढोलींच्या कीटकांचा जगभरात जो अभ्यास झाला त्यातला मोठा वाटा डासांमागे लागलेल्या संशोधकांचाच आहे. इतकंच काय, आपला भुंगेरा या बाबतीत पूर्ण निर्दोषही नाही. अमेरिकेतल्या ढोलींवर झालेल्या प्रयोगांतून दिसलं आहे, की दलदली भुंगेऱ्याच्या अळ्या पानं कुरतडून बारीक करतात, त्यांची विष्ठाही पाण्यात मिसळते आणि या बारीक कणांवर डासांच्या अळ्या पोसल्या जातात. हा पुरावा लपवून भुंगेऱ्याची वकिली करण्यात अर्थ नाही. पण त्यावरून ढोली बुजवा, नाहीतर तिच्यात औषध ओता, हा निष्कर्ष निघत नाही. शहरातला डेंग्यू मुख्यतः एडिस इजिप्तायचा, आणि तो घराच्या आतबाहेरच्या साठवलेल्या पाण्याला चिकटलेला डास आहे. नागपुरात उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, घरोघरी कूलर लागतात, आणि पावसाळा सुरू झाल्यावरही कितीतरी कूलरच्या टाक्या तशाच भरलेल्या राहतात. त्याशिवाय टायर, ड्रम, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामांवरचं पाणी. या भांड्यांत सहसा शिकारी नसतात. ढोलीत असतात: टोक्सोरिन्काइटिस नावाच्या मोठ्या डासाच्या अळ्या तिथे इतर डासांच्या अळ्या खातात, आणि त्यांची प्रौढ मादी रक्त पीत नाही, फुलांच्या रसावर जगते. अळीनाशक ओतलं की हे सगळे एकदम मरतात, पाणी पुन्हा भरतं आणि अंडी घालायला सगळ्यात आधी परततात ते डासच. डासांविरुद्धची लढाई नेमकी व्हायची असेल तर कोणत्या ढोलीत कोण राहतं हे कळायला हवं, आणि ते कळण्याची सुरुवात पुन्हा नावांपासूनच होते.

आता मूळ प्रश्न: समजा नाव मिळालं, तर त्या भुंगेऱ्याचं किंवा झाडाचं काय भलं होतं? जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात रेल्वे स्थानकाच्या प्रचंड पुनर्बांधणीचा प्रकल्प आला, तेव्हा राजवाड्याच्या बागेतली जुनी झाडं आड आली. त्या झाडांच्या पोकळीत ऑस्मोडर्मा एरेमिटा हा भुंगेरा राहतो. तो पाण्यातला नाही, कुजक्या लाकडातला आहे. पण त्याला नाव आहे, त्याच्या अधिवासाचा अभ्यास आहे आणि युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास-निर्देशात त्याला अग्रक्रमाचं संरक्षण आहे. सगळी झाडं वाचली नाहीत, २०१० मध्ये काही रात्रीतून तोडलीही गेली. पण या भुंगेऱ्यामुळे प्रकल्पाला न्यायालयात उत्तरं द्यावी लागली आणि पुढची तोड काही काळ अडली. नागपुरातही रेल्वेच्याच जमिनीवर, अजनी कॉलनीत, २०२०-२१ मध्ये झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले. तिथे वाद गाजला तो झाडं नेमकी किती या आकड्यांवर. संख्या महत्त्वाची असते, पण त्यात पन्नास वर्षांचा कडुनिंब आणि पाच वर्षांची सुबाभूळ सारखीच एकेक मोजली जाते. झाडात कोण राहतं याचा पुरावा कुणाच्याच हातात नसतो, म्हणून तो मांडलाही जात नाही. आपल्याकडे जातीला नाव मिळालं म्हणून आपोआप कायद्याचं कवच मिळत नाही, हे खरं. पण निनावी जिवासाठी अर्जसुद्धा लिहिता येत नाही.

आणि बदली रोपांचा हिशेब ढोलीपाशी येऊन पूर्ण कोसळतो. महाराष्ट्राच्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला 'हेरिटेज' म्हटलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट घातली. विचार चांगला आहे, वयाला काही किंमत मिळाली. तरी ऐंशी वर्षांच्या आंब्याबदल्यात लावलेल्या ऐंशी रोपांत पुढची कितीतरी दशकं पाणी धरणारी एकही ढोली नसेल. फांदी जाड व्हावी लागते, मोडावी लागते, बुरशीने आतलं लाकूड सावकाश पोखरावं लागतं; त्याला पर्याय नाही. मोठ्या पक्षी-प्राण्यांना पुरतील अशा ढोली व्हायला ऑस्ट्रेलियातल्या निलगिरींना शंभरावर वर्षं लागतात, असं तिथले अभ्यास सांगतात. झाडांच्या जाती वेगळ्या, वेग वेगळा, पण घाई कुठेच चालत नाही.

पोकळ झाड कोसळून माणूस दगावला तर? हा आक्षेप सगळ्यात गंभीर, आणि त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. वळवाच्या वादळात नागपुरात झाडं पडतात, त्याखाली वाहनं आणि माणसं सापडतात. माणसाच्या जिवापुढे भुंगेऱ्याचा हक्क मी सांगणार नाही. पण झाड पोकळ आहे म्हणून ते पडणारच, हे समीकरण चुकीचं आहे. भोवतालच्या निरोगी लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या तृतीयांशाइतकी उरली असेल तर पोकळ खोडही पुष्कळ भार पेलतं, असा झाडांच्या यांत्रिकीतला ढोबळ नियम आहे. पडतात त्यातली बरीच झाडं मुळांनी दगा दिल्यामुळे. सिमेंट रस्ते करताना बुंध्याला चिकटून काँक्रीट ओततात, गटारं-केबलसाठी चर खणताना मुळं तोडतात, आणि दोष मात्र वर दिसणाऱ्या ढोलीला देतात. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही घातक आहे: वाऱ्यात लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, मधल्या फटीत ओल अडकते आणि कुज वाढते. खरोखर धोकादायक झाडाचा फांद्यांचा भार उतरवून खोड तेवढं उभं ठेवता येतं. पानाफुलांचा डोलारा गेला तरी ढोली राहते, तिच्यातलं जग राहतं, आणि राखी धनेश, पिंगळा, पोपटांची घरंही राहतात.

नागपूरला हे काम हाती घ्यायला इतिहासाचाही आधार आहे. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आज शहरात आहे, यांनी टाकळीच्या परिसरातल्या खडकांतून शिंपले, वनस्पती आणि कीटकांचे जीवाश्म गोळा केले. त्यातल्या भुंगेऱ्यांच्या दगड झालेल्या पंखांचं वर्णन अँड्र्यू मरे यांनी लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात १८६० मध्ये छापलं. म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नागपुरी भुंगेऱ्यांना दीडशे वर्षांहून आधी नावं मिळाली आहेत. जिवंतांचं दप्तर मात्र अजून पुष्कळ कोरं आहे.

ते भरायची यंत्रणा दूर शोधायला नको. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमात सरकारने नेमलेल्या संग्रहालयांची तरतूद आहे, आणि नवी जात शोधणाऱ्याने तिथे कळवून नमुना जमा करायचा असतो. म्हणजे पिक यांच्या काळासारखे आपले होलोटाइप आता परदेशी कपाटांत जाण्याचं कारण उरलेलं नाही. याच कायद्याने गावोगावी आणि शहरांतही लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. त्या नोंदवहीत झाडांच्या यादीशेजारी ढोलींसाठी एक रकाना घालायला कुठल्या निधीची वाट पाहावी लागत नाही: झाड कोणतं, ढोली किती उंचीवर, तोंड किती रुंद, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकलं. मधासाठी आणि मोहासाठी झाडं ओळखणाऱ्या गोंड-कोरकू माणसांना यातलं बरंच आधीच माहीत असतं. कानी आदिवासींच्या खेकड्याने तेच दाखवलं. शहरात प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात. जून ते ऑक्टोबर हा या कामाचा हंगाम. पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की उथळ ढोली आटायला लागतात, तेव्हा शोधायला जायचं ते खोल ढोलींच्या तळच्या ओल्या गाळात. कारण पुढच्या मृगापर्यंतचे आठ महिने विदर्भातली ही अळी कशी काढते, हा वर्णनाच्या पहिल्याच शोधनिबंधात विचारला जाण्यासारखा प्रश्न आहे.